एश्त्रेमोशचे दोन तास

टूरच्या छापील कार्यक्रमात सहाव्या दिवसासमोर लिहिलं होतं : "एश्त्रेमोश. तटबंदीतलं जुनं संगमरवरी शहर, मातीच्या बाहुल्यांची परंपरा. थांबा दोन तास." यमुनाबाईंनी त्या ओळीखाली लाल पेनानं रेघ मारली होती आणि संभाजीनगरला औरंगपुऱ्यातल्या टूरवाल्यांच्या कचेरीत तीन वेळा जाऊन विचारलं होतं, "दोन तास म्हणजे दोन तास ना?" तिसऱ्या खेपेला काउंटरमागचा माणूस वैतागला. "मॅडम, छापलंय म्हणजे झालंच समजा," तो म्हणाला. यमुनाबाईंनी ते खरं धरलं. सदतीस वर्षं त्यांनी शाळेत वेळापत्रक पाळलं होतं, छापलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास होता.

टूर नऊ दिवसांची होती, पोर्तुगाल आणि स्पेन. व्यंकटरावांना खरं तर दुबईला जायचं होतं. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून ते उंच इमारतींचे व्हिडिओ बघायचे. पण यमुनाबाई दोन वर्षं एकाच गावाचं नाव घेऊन बसल्या होत्या आणि त्या गावाला नेणारी एवढी एकच टूर होती.

त्याला कारण होतं. यमुनाबाई सोयगावच्या. सोयगाव खानदेशाला चिकटलेलं, त्यामुळं तिकडच्या भुलाबाई त्यांच्या लहानपणी घरोघर बसायच्या. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून महिनाभर संध्याकाळी मुली जमायच्या, काळ्या मातीचे भुलाबाई-भुलोजी करायच्या, म्हणजे पार्वती आणि शंकर. भुलाबाईच्या मांडीवर बाळ असायचं. गाणी व्हायची, डब्यात काय खाऊ आहे ते ओळखायचं आणि शेवटच्या दिवशी मूर्ती नदीत सोडायच्या. यमुनाबाईंच्या हातची भुलाबाई गल्लीत सगळ्यात सुबक असायची. पुढं त्या चित्रकलेच्या शिक्षिका झाल्या, अकरा वर्षं पिशोरला आणि मग शहरात राहिल्या, पण भुलाबाई सुटली नाही. निवृत्तीनंतर सिडकोतल्या आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांनी दर भाद्रपदात मुलींचा वर्ग घ्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी एकोणीस मुली आल्या. दुसऱ्या वर्षी सात. तिसऱ्या वर्षी दोघी आल्या, त्यातल्या एकीच्या आईनं विचारलं, "मॅडम, याचं सर्टिफिकेट मिळतं का?" चौथ्या वर्षी यमुनाबाई भिजवलेली माती घेऊन हॉलमध्ये एकट्या बसल्या आणि सात वाजता दिवा बंद करून घरी आल्या.

त्याच सुमाराला पुण्याच्या लेकीनं, अश्लेषानं, त्यांना एक व्हिडिओ पाठवला. पोर्तुगालमधलं एश्त्रेमोश नावाचं गाव, तिथल्या मातीच्या रंगीत बाहुल्या. नव्वद वर्षांपूर्वी ही कला तिथं संपलीच होती. एका म्हातारीला तेवढी ती कशी करायची हे आठवत होतं. गावातल्या शाळेच्या प्रमुखानं तिला शोधून काढलं, तिच्याकडून शिकून घेतलं, आणि आज तिथं बाहुल्या करणारी घरं आहेत, संग्रहालय आहे, युनेस्कोच्या यादीत नाव आहे. यमुनाबाईंनी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला याला गणती नाही. शाळेतल्या माणसानं हे केलं होतं! मग त्यानं नेमकं काय केलं, पोरं कशी जमवली, हे जाऊन विचारायचं त्यांनी ठरवलं. अश्लेषानं शोध घेऊन तिथल्या एका कारागीर बाईला संदेश पाठवला. फिलोमेना तिचं नाव. वर्षभर दोघींनी एकमेकींना फोटो पाठवले, मजकूर भाषांतर करून. शेवटी ठरलं : मे महिन्यातला तो गुरुवार, सकाळी अकरा वाजता, फिलोमेनाच्या दुकानात. फिलोमेनानं लिहिलं होतं, "मी एक वाजेपर्यंत तुमचीच आहे."

गुरुवारी सकाळी लिस्बनच्या हॉटेलातून बस साडेआठला निघायची होती. आठ वाजताच यमुनाबाई मांडीवर डबा घेऊन बसमध्ये बसल्या. डब्यात कापसात गुंडाळलेले भुलाबाई-भुलोजी होते, घरून करून आणलेले. नऊ वाजले तरी निम्मी बस रिकामी. एका कुटुंबाला खोलीची किल्ली सापडेना. दुसऱ्या एकाला नाश्त्याला उपमा कमी पडला म्हणून तक्रार लिहायची होती. पावणेदहाला बस हलली. टूर मॅनेजर अतुल माइकवर म्हणाला, "मंडळी, खुशखबर! वाटेत एक मोठा आउटलेट मॉल आहे. बऱ्याच जणांची मागणी आहे, म्हणून आपण फक्त अर्धा तास थांबतोय."

"कुणाची मागणी?" यमुनाबाई उभ्या राहून म्हणाल्या. "माझी नाही."

"काकू, बहुमत," अतुल हसत म्हणाला.

अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला. लोक बुटांचे खोके घेऊन सावकाश चढत होते. यमुनाबाई घड्याळाकडं बघत होत्या आणि व्यंकटराव यमुनाबाईंकडं बघणं टाळत होते. फिलोमेनाला कळवावं म्हणून त्यांनी नवऱ्याचा फोन मागितला, इंटरनेट त्याच फोनवर होतं. व्यंकटराव म्हणाले, "पॅक संपलाय. हॉटेलात गेल्यावर नवीन टाकतो."

"हॉटेलात गेल्यावर मला काय करायचंय त्याचं?"

"आता मी काय करू? माझ्यावर कशाला चिडायलीस?"

पाऊणला बस एश्त्रेमोशच्या मोठ्या चौकात शिरली. ऊन अगदी संभाजीनगरसारखं होतं, डोळ्यांना टोचणारं, त्यात सगळीकडं पांढरा दगड. अतुलनं माइक घेतला. "मंडळी, उशीर झालाय, त्यामुळं इथं आपल्याकडं चाळीस मिनिटं आहेत. फोटो, वॉशरूम, आणि एक पंचवीसला बस. आपली स्वयंपाकाची गाडी सीमेपलीकडं थांबलीय, आज वरणभात आणि बटाट्याची भाजी आहे." टाळ्या पडल्या.

यमुनाबाई टाळ्या वाजवणाऱ्या त्या पस्तीस लोकांकडं बघतच राहिल्या. मग उतरून त्या चालू लागल्या. फिलोमेनाचं दुकान वर, तटबंदीच्या आतल्या जुन्या गावात होतं. पत्त्याचा कागद त्यांनी एका फळवालीला दाखवला, तिनं चढाकडं बोट केलं. चढ उभा, फरशी गुळगुळीत. चौसष्टाव्या वर्षी गुडघे आधीच कुरकुरत होते. डबा पोटाशी धरून त्या दहा पावलं चालायच्या आणि भिंतीला टेकायच्या. दोन वेळा चुकीच्या गल्लीत शिरल्या. दुकान सापडलं तेव्हा एक वाजून बारा मिनिटं झाली होती आणि दाराला कुलूप होतं. दारावर पाटी होती. अक्षरं कळली नाहीत, पण त्यावर काढलेल्या घड्याळाचे काटे तीनवर होते.

काचेला नाक लावून त्यांनी आत पाहिलं. फळ्यांवर बाहुल्या होत्या, फुलांच्या कमानीखाली उभी असलेली एक, डोळ्यांवर पट्टी बांधलेली एक, मेंढरं राखणारा धनगर, पुरणाला बसल्यासारखी चुलीपुढं बसलेली एक बाई. मधल्या टेबलावर इस्त्री केलेलं कापड अंथरलेलं होतं. त्यावर दोन पेले, झाकून ठेवलेली बशी, समोरासमोर दोन खुर्च्या. यमुनाबाईंनी दार वाजवलं. मग जोरात वाजवलं. मग तळहातानं बडवलं. समोरच्या खिडकीतून एका म्हाताऱ्यानं डोकं काढलं, जेवणाचा घास तोंडात होता, काहीतरी बोलला आणि खिडकी लावून घेतली.

त्या पायरीवर बसल्या. पायरीही संगमरवराची, तापलेली.

एक वीसला व्यंकटराव धापा टाकत आले. "अगं, चल! बस निघायलीय."

"दुकान तीनला उघडतंय."

"मग?"

"मी तीनपर्यंत बसते."

व्यंकटरावांना आधी हे नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा ते खालच्या आवाजात बोलू लागले, कचेरीत साहेबाला समजावत तसे. हा परका देश आहे, ग्रुपचा व्हिसा आहे, माद्रिदला आजचं हॉटेल आहे, तुझ्या गोळ्या सामानात आहेत. यमुनाबाई ऐकत होत्या आणि हलत नव्हत्या.

"छापलं होतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "दोन तास म्हणून छापलं होतं. मी तीनदा विचारून आले. एकाला बुटं पाहिजेत, दुसऱ्याला उपमा पाहिजे, ते सगळं बसतं त्यांच्या टायमात. माझंच तेवढं बसत नाही."

"पस्तीस माणसं तुझ्यापायी उन्हात थांबायलीत, कळतंय का?"

"मी सकाळी आठपासून थांबलेय त्यांच्यापायी."

एवढ्यात अतुल आला. त्याचं हसू आता गेलं होतं. "काकू, प्लीज. दुसरी एखादी बाहुली माद्रिदला घेऊ आपण."

यमुनाबाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो एक पाऊल मागं सरला. मग त्यानं बॅगेतून एक छापील कागद काढला. जो प्रवासी स्वखुशीनं ग्रुप सोडतो त्याची जबाबदारी कंपनीवर नाही, असा मजकूर. बहुधा धमकावण्यासाठीच त्यानं तो काढला असावा. यमुनाबाईंनी पेन मागितलं आणि फळ्यावर लिहायच्या तशा टपोऱ्या अक्षरात सही केली.

"मी सही करणार नाय," व्यंकटराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "चाळीस वर्षं नोकरी केली, एक दिवस बिनरजेची गैरहजेरी नाय माझी. मी हे असलं करणार नाय." आणि ते अतुलच्या मागोमाग उतार उतरून गेले.

गल्ली रिकामी झाली. यमुनाबाई तशाच बसून राहिल्या. खालून हॉर्न ऐकू आला, एकदा, दोनदा, मग बराच लांब. मग काहीच नाही. रागाच्या भरात आपण काय केलं हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. फोन नाही, भाषा नाही, गोळ्या नाहीत, पर्समध्ये सुटे युरो. नवरा खरंच गेला. त्यांना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही, उलट राग आणखी वाढला. स्वतःचाही राग आला. भुलाबाईसाठी? ज्या भुलाबाईला आपल्या सोसायटीत कुणी विचारत नाही, तिच्यासाठी मी इथं परक्या दारात?

अर्ध्या तासानं फरशीवर खडखड आवाज येऊ लागला. व्यंकटराव दोन्ही सुटकेसा ओढत चढ चढत होते. एकीचं चाक तुटलं होतं, ती ते फरफटत आणत होते. शर्ट पाठीला चिकटलेला. पायरीपाशी येऊन त्यांनी सुटकेसा आपटल्या, गोळ्यांची पिशवी यमुनाबाईंच्या मांडीवर टाकली आणि पायरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

"माझ्याशी बोलू नको," ते म्हणाले.

यमुनाबाईंनी पाण्याची बाटली तेवढी मधे सरकवली. थोड्या वेळानं ती रिकामी परत सरकली.

फिलोमेना तीन वाजून दहा मिनिटांनी आली. फोटोतल्यापेक्षा बुटकी, रुंद, साठीतली, हाताच्या बोटांना रंग लागलेला. या दोघांना बघितल्यावर ती गल्लीच्या मध्यावर थांबली आणि मनगटावर बोट आपटत बोलू लागली. पोर्तुगीज येत नसताना यमुनाबाईंना शब्द न् शब्द कळला. शाळेत उशिरा येणाऱ्या पोरांना त्या स्वतः हेच बोलत आल्या होत्या.

"आम्ही काय मुद्दाम केलं का?" यमुनाबाईही मराठीत सुरू झाल्या. "सकाळी आठपासून बसमध्ये बसलेय मी! उपाशी आहे! ग्रुप सोडलाय तुमच्यासाठी!"

दोघी आपापल्या भाषेत एकाच वेळी भांडत होत्या. शेवटी फिलोमेनानं सुटकेसचं तुटलेलं चाक पाहिलं, व्यंकटरावांचा भिजलेला शर्ट पाहिला, आणि किल्ली काढून दार उघडलं.

आत गेल्यावर तिनं बशीवरचं झाकण काढलं. सकाळपासूनचे केक वाळले होते. दोघांनी ते सगळे खाल्ले. दुकानातलं वायफाय मिळालं तसा व्यंकटरावांच्या फोनला जीव आला, आणि भाषांतराचं काम आपसूक त्यांच्याकडं आलं. रुसलेले होते, तरी काम समोर आल्यावर त्यांना ते नीटच करावं लागे. फोन दोघींच्या मधे धरून ते एकेक वाक्य फाइलीतला शेरा वाचावा तसं वाचून दाखवू लागले.

यमुनाबाईंनी डबा उघडला. कापूस बाजूला केला. दोन्ही मूर्तींचा चुरा झाला होता. भुलोजीच्या पागोट्याचा तुकडा आणि बाळाचा एक पाय तेवढा ओळखू येत होता. फिलोमेनानं चुरा बोटात धरून चोळला, नाकाशी नेला आणि काहीतरी म्हणाली.

"ती म्हणतेय, भाजली का नाही," व्यंकटरावांनी वाचलं.

"भाजत नाहीत. शेवटच्या दिवशी विसर्जन करायचं असतं."

फोननं त्याचं काय केलं कोण जाणे. फिलोमेनाचे डोळे विस्फारले. ती बाळाच्या पायाकडं बोट दाखवून घाईघाईनं बोलली.

व्यंकटराव अडखळले. "ती म्हणतेय... तुम्ही बायका मुलाला पाण्यात बुडवता का?"

"अहो, बुडवतो काय! सोडतो! नीट सांगा तिला. पुढच्या वर्षी परत यायची असते ती."

"मी सांगायलोय तेच. हे मशीनच बुडवायलंय."

हे पटवण्यात पाव तास गेला. शेवटी फिलोमेना मान हलवून मागच्या खोलीत गेली आणि तांबड्या मातीचा गोळा आणून तिनं यमुनाबाईंपुढं ठेवला. कर, अशी खूण केली. ती स्वतः शेजारी बसून एक बाहुली पुरी करू लागली. तिची पद्धत वेगळी होती. आधी उघडं अंग करायचं, मग मातीची पातळ पोळी लाटून तिचे कपडे कापायचे आणि बाहुलीला घालायचे, घागरा, एप्रन, शाल, एकावर एक. यमुनाबाई बघत राहिल्या. आपल्याकडं साडी अंगाच्या मातीतूनच ओढून काढतात, असं घालणं त्यांना सुचलंच नव्हतं. माती तांबडी होती, सोयगावच्या मातीपेक्षा चिकट, पण हात लागल्यावर ती ऐकू लागली.

काम करता करता त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी त्या आल्या होत्या. शाळेच्या त्या माणसानं पोरं कशी जमवली?

फिलोमेना हसली. व्यंकटरावांनी वाचलं, "पोरं हौसेनं आली नाहीत. गरिबी होती. बाहुली विकली जायची म्हणून आली. माझी आजी पण म्हणूनच शिकली." आणि मग, "तुम्ही तुमची विकता का?"

"देवाची आहे ती. विकायची कशी?"

"मग शाळेतल्या मुलींनी कशासाठी यावं?"

यमुनाबाईंना ते लागलं. त्या मातीवर वाकल्या. दोन वर्षं त्यांनी मनाशी त्या मास्तराचं चित्र रंगवलं होतं, पोरांच्या घोळक्यात उभा असलेला, म्हातारीचा हात धरलेला. आणि ही बाई सांगत होती की पोटासाठी. त्यांना वाटलं, हे ऐकायला का मी एवढ्या लांब आले? हे तर सिडकोतल्या कुठल्याही बाईनं मला जिन्यातच सांगितलं असतं.

तासाभरात भुलाबाई झाली. मांडी घातलेली, मांडीवर बाळ, डोक्यावर पदर. चांगली झाली होती, आणलेलीपेक्षाही चांगली. फिलोमेनानं ती फिरवून फिरवून पाहिली. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरचा मालकिणीचा भाव गेला. मग तिनं फळी आणली, भुलाबाईला हलकेच तीवर ठेवलं आणि भट्टीशेजारच्या कपाटाकडं निघाली.

"कुठं नेतेय?" यमुनाबाई उठल्या.

"ती म्हणतेय, आठवडाभर वाळू द्यायची, मग भाजायची. रंगवून पोस्टानं पाठवते. अशीच एक करून इथं ठेवीन, खाली तुमचं नाव लिहून."

"नको. सांगा तिला, नको. ही भाजायची नसते."

फिलोमेना थांबली नाही. बहुधा तिला ते लाजणं वाटलं. यमुनाबाईंनी पुढं होऊन फळी धरली. दोघी दोन बाजूंनी फळी धरून उभ्या, मधे भुलाबाई डुगडुगतेय. "सोडा," यमुनाबाई म्हणाल्या. फिलोमेनाही तसंच काहीतरी म्हणाली. मग यमुनाबाईंनी भुलाबाई उचलली, कपाळाला लावली, आणि दोन्ही तळहातांत धरून दाबली. ओली माती ती. दोन दाबात बाळ गेलं, पदर गेला, गोळा झाला. तो त्यांनी कोपऱ्यातल्या मातीच्या ओल्या पिंपात टाकला.

फिलोमेना ओरडली. खरोखर ओरडली. खिडकीतून समोरच्या म्हाताऱ्यानं परत डोकं काढलं. ती पिंपाकडं, फळ्यांकडं, यमुनाबाईंकडं हात करत बोलत सुटली, आणि व्यंकटराव फोन धरून उभे होते, वाचत नव्हते.

"वाचा," यमुनाबाई म्हणाल्या.

"राहू दे."

"वाचा म्हणते ना."

व्यंकटरावांनी घसा साफ केला. "ती म्हणतेय, तुमच्या मुली येत नाहीत यात नवल नाही. त्यांनी बघावं असं तुम्ही काहीच मागं ठेवत नाही. आमच्या म्हातारीनं सगळं पाण्यात टाकलं असतं, तर मास्तरांना काय सापडलं असतं?"

यमुनाबाईंना सांगायचं होतं की दरवर्षी नव्यानं करावी लागते म्हणूनच तर हाताला आठवतं, ठेवून दिली की बघणारे राहतात आणि करणारे संपतात. पण हे फोनला सांगून त्याचं काय होईल याचा भरवसा नव्हता. आणि सिडकोतला तो रिकामा हॉलही डोळ्यांपुढं होता. त्या नुसत्या म्हणाल्या, "निघते मी."

फिलोमेनानं जायला मना केलं नाही. पण ती पुढं झाली, चाक तुटलेली सुटकेस तिनं उचलली आणि तोंडानं पुटपुटत त्यांना दोन गल्ल्या पलीकडच्या एका घरगुती लॉजपर्यंत पोचवलं. तिथल्या बाईशी बोलून खोली मिळवून दिली, सकाळच्या बसची वेळ कागदावर लिहून दिली. जाताना तिनं हात पुढं केला. यमुनाबाईंनी तो धरला. दोघींच्याही हाताची माती अजून धुतलेली नव्हती. पण हसलं कुणीच नाही.

माद्रिदपर्यंतच्या दोन बसमध्ये व्यंकटराव खिडकीशी तोंड करून बसले. माद्रिदला ग्रुपमधल्या बायकांनी यमुनाबाईंना जागा करून दिली, पण गप्पा मारल्या नाहीत. घरी आल्यावर नातेवाइकांना व्यंकटरावच ती गोष्ट सांगायचे. सांगता सांगता चढ दरवेळी थोडा लांब व्हायचा आणि सुटकेसा जड व्हायच्या. यमुनाबाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या. विचारलं तर म्हणायच्या, "काही खास नाही. उशीर झाला आम्हाला."

भाद्रपद आला. त्या वर्षी त्यांनी हॉल मागितला नाही.

पितृपंधरवड्यात एका दुपारी अश्लेषाचा फोन आला. फिलोमेनानं चार महिन्यांनी फोटो पाठवला होता. नवी बाहुली होती. साडी नेसलेली, चष्मा लावलेली, कपाळावर कुंकू, भुवया रागानं एकत्र आलेल्या, आणि दोन्ही तळहातांत दाबून धरलेला मातीचा गोळा. खाली मजकूर : "भारतातली बाई. लोकांना आवडते. तीन विकल्या गेल्या."

यमुनाबाईंनी फोटो मोठा केला. बराच वेळ बघितला. नाक थोडं मोठं झालं होतं, चालेल. चष्मा बरोबर. मग त्यांचा आवाज घरभर झाला.

"अहो! इकडं या! हे बघा काय केलंय तिनं!"

व्यंकटराव धावत आले. "काय झालं?"

"पदर! पदर उजव्या खांद्यावर घातलाय! आणि निऱ्या कुठायत? घागरा घातलाय मला तिनं, घागरा! अशा तीन विकल्यात!"

व्यंकटराव फोटो बघून हसायला लागले. मे महिन्यानंतर ते पहिल्यांदा असे हसत होते. यमुनाबाई हसल्या नाहीत. अश्लेषाला फोनवर धरून त्यांनी उत्तर सांगायला घेतलं. पदर डाव्या खांद्यावर. निऱ्या समोर, नाभीपाशी खोचलेल्या, एवढ्या एवढ्या. अश्लेषानं लिहिलं, पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "कळत नाही. निऱ्या म्हणजे काय?" साडीचे फोटो पाठवले. उत्तर आलं, "मागून कशी दिसते? कापड कुठं संपतं?" असं आठ दिवस चाललं आणि आठ दिवस यमुनाबाई चिडचिड करत होत्या. शब्दानं हे काम होणारं नव्हतं. मातीतच करून दाखवायला पाहिजे होतं, आणि पोस्टानं जायचं म्हणजे ती भाजायलाच पाहिजे होती.

मग एका सकाळी त्यांनी माती भिजवली. आधी उघडं अंग केलं. पातळ पोळी लाटली, लांब पट्टा कापला आणि तो बाहुलीला नेसवायला घेतला, कमरेभोवती एक वेढा, समोर निऱ्या, पाठीमागून फिरवून पदर डाव्या खांद्यावर. पट्टा चार वेळा फाटला. पाचव्यांदा बसला. बारा दिवस सावलीत वाळवून, रिक्षानं त्या हर्सूलच्या पलीकडं कचरू नावाच्या कुंभाराकडं गेल्या.

कचरूनं बाहुली हातात घेऊन वजन पाहिलं. "बाई, आतून भरीव दिसती. भरीव वस्तू भाजताना आव्यात टिकत नाय. पोकळ पाहिजे व्हती."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तडकली तर मला बोलू नका."

तडकली. तिसऱ्या दिवशी त्या आणायला गेल्या तेव्हा कचरूनं दोन तुकडे कागदावर ठेवून पुढं केले. धड कमरेपाशी फुटलं होतं, पदर मात्र खांद्यावर शाबूत होता. यमुनाबाईंना इतका संताप आला की त्यांनी कचरूला, फिलोमेनाला आणि त्या बसमधल्या पस्तीस माणसांना एकदमच मनात शिव्या घातल्या. फिलोमेनाच्या सगळ्या बाहुल्या खालून पोकळ असणार! तासभर शेजारी बसून त्यांनी कपडेच तेवढे बघितले होते, उलटी करून एकही पाहिली नव्हती.

"पोकळ कशी करायची?" त्यांनी कचरूला विचारलं.

"इथं बसा," कचरू म्हणाला आणि त्यानं चाकाशेजारची गोणी झटकून टाकली.

यमुनाबाईंनी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं, मग विचार बदलून त्याला पाठवून दिलं, आणि पदर खोचून गोणीवर बसल्या.